मोठ्या कुत्र्याची कंबर: पिल्लू घेण्याआधी आणि घेतल्यानंतर काय काय बघावं

आमच्याकडे कोकणात खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, अजून शेणानं सारवतात. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आई सारवून उठली आणि थोड्या वेळानं आमचा कुत्रा खंड्या त्यावरून चालत गेला. ओल्या सारवणावर त्याच्या पुढच्या पायांचे ठसे स्वच्छ उमटले. मागच्या पायांच्या ठशांना मात्र दोन-दोन बारीक रेघा जोडलेल्या होत्या, खिळ्यानं ओढाव्यात तशा. मी त्याला बसवून मागचे पंजे उलटे करून बघितले. मधली दोन नखं वरच्या बाजूनं घासून सपाट झाली होती.

खंड्या जर्मन शेफर्ड, तेव्हा पाच वर्षांचा. अंगानं भरदार, खाणंपिणं व्यवस्थित, ताप नाही. बागेच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, उडी मारणं त्यानं दोन महिन्यांपासून सोडलं होतं. पोक्त झालाय, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. शेजारचे काका बघून म्हणाले, "झिला, हेका वाताचो त्रास आसा. वायच तेल चोळ, बरो होतलो." तेल चोळण्यात तीन आठवडे गेले. मग एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की त्याच्या कमरेचा शेवटचा मणका डाव्या बाजूला खुब्याच्या हाडाशी जोडलेला आहे आणि उजव्या बाजूला मोकळा. डॉक्टर म्हणाले, "हे आजचं नाही, जन्माचं आहे."

म्हणजे मी पिल्लू मांडीवर घेऊन घरी आणलं त्या दिवशीही ते होतंच. हे आधी कसं ओळखावं, घरात असलेल्या कुत्र्याची कंबर कशी तपासावी आणि दुखणं निघालंच तर कोणत्या क्रमानं काय करावं, ते इथे सविस्तर लिहितो. आपल्याकडे बागेच्या राखणीला आता जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, लॅब्राडोर, डॉबरमन सर्रास दिसतात, आणि मागचे पाय लटपटले की 'वारं गेलं' म्हणून विषय संपतो.

आधी हाडं समजून घेऊ

कुत्र्याच्या मानेत ७ मणके, छातीच्या भागात १३, कमरेत ७ आणि त्यामागे ३ मणके एकमेकांना जुळून झालेलं त्रिकास्थी, म्हणजे डॉक्टर ज्याला सॅक्रम म्हणतात ते हाड. पुढे शेपटी. त्रिकास्थी दोन्ही बाजूंनी खुब्याच्या हाडांत घट्ट बसलेलं असतं. मागच्या पायांनी दिलेला जोर तिथूनच पाठीत चढतो. कमरेचा सातवा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधला सांधा हा सगळा भार घेतो आणि वाकतोही भरपूर. उडी, धाव, चढण, सगळं त्याच्यावर.

काही कुत्र्यांत या सीमेवरचा एक मणका धड कमरेचा नसतो आणि धड त्रिकास्थीचाही नसतो. एका बाजूला कमरेच्या मणक्यासारखा मोकळा पंख, दुसऱ्या बाजूला खुब्याशी जोडलेलं रुंद हाड. कधी दोन्ही बाजू सारख्याच बिघडलेल्या असतात. कधी त्रिकास्थीचा पहिला मणका मागच्या दोघांपासून सुटा राहतो. याला ट्रान्झिशनल मणका म्हणतात, रिपोर्टात 'एलटीव्ही' लिहिलेलं असतं. दोन्ही बाजू सारख्या असतील तर ओटीपोटाचं हाड निदान सरळ राहतं. बाजू असमान असतील तर ते तिरकं बसतं. मग एका बाजूचा खुब्याचा गोळा खोबणीत पुरेसा झाकला जात नाही आणि तो सांधा लवकर झिजतो. खंड्याचं नेमकं हेच.

दुसरा धोका नसांचा. मोठ्या कुत्र्यात मज्जारज्जू कमरेच्या शेवटाला पोचण्याआधीच संपतो. पुढे नळीतून फक्त नसांचा झुबका जातो, घोड्याच्या शेपटीसारखा दिसणारा, म्हणून लॅटिनमध्ये त्याचं नाव कॉडा इक्वायना. मागच्या पायांच्या पंजांपर्यंत जाणाऱ्या, शेपटी हलवणाऱ्या, लघवी आणि शी आवरून धरणाऱ्या नसा या झुबक्यात असतात. सांध्यातली गादी झिजून फुगली, आजूबाजूचे बंध जाड झाले की हा झुबका चेपला जातो. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २००६ साली मांडलेल्या अभ्यासात असा मणका असलेल्या कुत्र्यांना हा त्रास होण्याची शक्यता सुमारे आठपट दिसली, आणि तो इतरांपेक्षा एक-दोन वर्षं आधी सुरू होतो असंही आढळलं. जर्मन शेफर्ड त्यात ठळकपणे पुढे होते, आणि माद्यांपेक्षा नरांना जास्त होता.

असा मणका असलेली कित्येक कुत्री जन्मभर न लंगडता जगतात. तेव्हा रिपोर्टात तीन अक्षरं दिसली म्हणून हाय खाऊ नये. पण ते कुत्रं आणि त्याची पुढची पिल्लं यांच्याबाबत निर्णय मात्र बदलतात.

जर्मन शेफर्डमध्ये आणखी एक आनुवंशिक दोष दिसतो: त्रिकास्थीच्या पुढच्या कडेचा कूर्चेचा तुकडा नीट हाड न बनता सुटतो. तोही त्याच जागी, त्याच नसांना त्रास देतो, आणि एक्स-रेवर तोही बघून घेता येतो.

पिल्लू घेताना

या मणक्याची रक्ततपासणी नाही. एकाच जनुकाचा हा दोष नसावा, अनेक जनुकं मिळून तो घडवत असावीत असं मानतात. त्यामुळे हातात उरतो तो आईबापांचा एक्स-रे. पिल्लाचा एक्स-रे आठव्या आठवड्यात काढून काही उपयोग नाही, हाडंच तयार नसतात.

विकणाऱ्याला फोनवरच विचारा: नर-मादी दोघांच्या खुब्यांचे आणि कमरेचे एक्स-रे आहेत का? "आमच्या लाईनमध्ये असलं काही नाही" हे उत्तर नव्हे. एक्स-रे असेल तर त्यावर कुत्र्याचं नाव किंवा मायक्रोचिपचा नंबर आणि तारीख छापलेली हवी. तारखेवरून वय काढा. वर्षाच्या आतला एक्स-रे धरू नका, मोठ्या जातीसाठी दीड वर्षानंतरचा उत्तम. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आपल्या डॉक्टरांना दाखवा आणि "खुबे नव्हे, शेवटचा मणका बघा" असं मुद्दाम सांगा. हे मी ठासून सांगतो, कारण खुब्यांचा दर्जा 'ए', म्हणजे सगळ्यात चांगला, असलेल्या कुत्र्यालाही असा मणका असू शकतो. खुबे तपासणारा प्रत्येक जण कमरेकडे बघतोच असं नाही.

केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. मला खंड्या विकला त्या गृहस्थांनी तो कागद आधी पुढे केला, मीही त्यावरच समाधान मानलं. एक्स-रेचा विषय त्यांनी काढला नाही आणि मी विचारला नाही.

शक्य असेल तर आईला चालताना बघा. बसलेली उठताना पुढच्या पायांवर ओढून उठते का, शेपटी मोकळी हलते का, पंजा घासतो का. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि अठरा महिन्यांच्या आतल्या मादीकडून पिल्लं काढता येत नाहीत. जो या दोन गोष्टी पाळत नाही, तो एक्स-रे काढत असेल हे मला तरी पटत नाही. आणि मागच्या वेतातल्या एखाद्या कुत्र्याच्या मालकाचा फोन मागा. तीन-चार वर्षांची झालेली भावंडं कशी चालतात, हे ऐकणं कुठल्याही कागदापेक्षा मोलाचं.

पहिलं दीड वर्ष

मणक्याचा आकार आपण बदलू शकत नाही. त्यावर किती वजन पडायचं, हे मात्र आपल्या हातात असतं.

आपल्या घरांत कुत्र्याच्या पुढ्यात भात पडतो, वर कालवणाचं पाणी. वाढत्या पिल्लाला असं दिवसातून तीनदा दिलं की ते गुबगुबीत होतं आणि सगळे कौतुक करतात. मोठ्या जातीचं पिल्लू हडकुळं नको, पण फासळ्या हाताला सहज लागायला हव्यात, वरून बघितलं तर कंबर आत गेलेली दिसायला हवी. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरांवर जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात अर्ध्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले, पोटभर खाणारे ११.२ वर्षं, आणि सांधेही कमी खाणाऱ्यांचेच जास्त काळ शाबूत राहिले. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला.

मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं खाणं देत असाल तर वरून कॅल्शियमचं सिरप, अंड्याच्या टरफलाची पूड काही घालू नका. ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियमनं हाडं मजबूत न होता बिघडली. घरचंच खाणं द्यायचं असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. उकडलेला बांगडा, तारली काटे काढून चालते. सुकट आणि खारवलेले मासे नकोत. मे महिन्यात आंब्याच्या राशीपासून दूर ठेवा: साखरेनं वजन वाढतं आणि बाठा गिळला तर आतड्यात अडकतो.

वजन दर महिन्याला करा. आमच्याकडे काजू बी घेणाऱ्या दुकानदाराच्या काट्यावर खंड्या सहज उभा राहतो. जर्मन शेफर्डचा पूर्ण वाढलेला नर ३० ते ४० किलो, मादी २२ ते ३२ किलो असावी. खंड्या एक्स-रेच्या वेळी ४३ किलो होता.

घराकडे पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, असेल तर पहिले तीन महिने पिल्लाला उचलून न्या. नॉर्वेतल्या एका मोठ्या पाहणीत या वयात जिने चढणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त आढळला, तर मऊ, असमान जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांत कमी. तेव्हा पिल्लाला कोंडू नका, बागेत सोडा. फक्त पायऱ्या टाळा. आणि चकचकीत फरशा. जून लागला की आपल्याकडे फरशीला घाम सुटतो, कुत्र्याचे मागचे पाय फाकतात आणि प्रत्येक वेळी कमरेला हिसका बसतो. काथ्याच्या चटया पावसात कुजतात, बुरशी धरतात. गोठ्यात गुरांखाली टाकतात ती रबरी चटई आणा, पट्ट्या कापून दारापासून खाण्याच्या जागेपर्यंत वाट करून टाका. पडवीत कोबा असेल तर तो खरखरीतच राहू द्या.

दर महिन्याची तपासणी

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथे सावकाश लिहितो. नसा चेपल्या जाण्याची सुरुवात फार हळू होते, आणि रोज बघणाऱ्याच्या डोळ्यांना ती दिसत नाही. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी पंधरा मिनिटं काढतो आणि जे दिसेल ते कालनिर्णयच्या पानावर लिहितो.

सुरुवात चालण्यापासून. दुसऱ्याच्या हातात दोरी द्या, कुत्र्याला सावकाश दहा पावलं पलीकडे, दहा पावलं अलीकडे चालवा आणि मोबाइल जमिनीजवळ धरून व्हिडिओ घ्या. मागून, मग बाजूनं. पळवू नका, पळताना दोष लपतो. डांबरी रस्त्यावर कान द्या: पाय उचलताना नखांचा खर्र असा आवाज येतो का? ओहोटीला किनाऱ्यावर घेऊन गेलात तर पाणी ओसरलेल्या घट्ट वाळूवर ठसे वाचता येतात. चारही ठसे स्वच्छ आणि सुटे हवेत. ठशाला रेघ जोडलेली दिसली की तो पाय घासतोय. सारवलेलं खळं असेल तर समुद्रापर्यंत जायचीही गरज नाही.

मग नखं. मागच्या पायांची मधली दोन नखं पुढच्या पायांच्या नखांशी ताडून बघा. टोकाकडून झिजणं नेहमीचं आहे. वरच्या बाजूनं सपाट होणं नेहमीचं नाही.

मग पंजा उलटवण्याची परीक्षा. कुत्र्याला चार पायांवर सरळ उभं करा, एक हात पोटाखाली आधाराला, दुसऱ्या हातानं मागचा एक पंजा अलगद दुमडून बोटांची वरची बाजू जमिनीला टेकवा. धडधाकट कुत्रं तिथल्या तिथे पंजा सरळ करतं, तुमचा हात सुटायच्या आत. उशीर लागला, किंवा पंजा तसाच राहिला, तर नसांकडून निरोप नीट जात नाही. दोन्ही पाय करा, तीन-तीन वेळा. खंड्याचा उजवा लगेच वळायचा, डावा मी दोन मोजेपर्यंत तसाच पडून राहायचा. त्याच्या चेहऱ्यावर काही नाही, माझ्याकडे बघून शेपूट हलवतोय. आपला पंजा उलटा पडलाय हे त्याला कळतच नव्हतं.

आता कमरेवर बोट. खुब्याच्या हाडांची दोन टोकं पाठीवर हाताला लागतात. त्यांच्यामधून कण्यावर अंगठा मागे सरकवला की एक खोलगट जागा लागते, तोच तो सांधा. तिथे अंगठ्यानं हळू दाब द्या, नजर कुत्र्याच्या तोंडावर. जीभ आत घेणं, मान वळवून हाताकडे बघणं, बसायला लागणं, पाठीची कातडी थरथरणं, यातलं काहीही दुखण्याची खूण. नंतर शेपटी मुळाशी धरून हलकेच वर उचला. ती उचलू देत नसेल तर त्याची नोंद करा. मागचे पाय ताणून कंबर वाकवण्याची परीक्षा डॉक्टरांवर सोडा. दुखावलेलं कुत्रं कितीही प्रेमळ असलं तरी त्या क्षणी चावतं.

शिंप्याच्या टेपनं दोन्ही मांड्यांचा घेर मोजा, दर वेळी त्याच उंचीवर. एक मांडी बारीक होत चालली तर आकडा आधी सांगतो, डोळा नंतर.

शेवटी घरच्यांना विचारा, कारण काही गोष्टी आपल्यासमोर घडत नाहीत. रिक्षात किंवा जीपमध्ये चढताना पुढचे पाय ठेवून थांबतो का? उठताना वेळ घेतो का? शेपटीचं मूळ किंवा मागचा पंजा सारखा चाटतो, कुरतडतो का? निजलेल्या गोणपाटावर लघवीचे थेंब असतात का, चालता चालता लेंडी पडते का? शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या तर महिना संपायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. लघवी-शीवरचा ताबा जाऊन बराच काळ लोटला की शस्त्रक्रिया करूनही तो परत येण्याची आशा कमी होते.

मागचे पाय लुळे पडण्याची दुसरी कारणं

कंबर सुचली म्हणून सगळं कमरेवर ढकलणंही चूक. आपल्या भागात हे आधी बघा.

रात्री ठीक असलेलं कुत्रं पहाटे मागून लटपटतंय, पापण्या मिटतायत, श्वास उथळ चाललाय, तर मण्यार चावली असं धरून चाला. तिच्या दंशाला सूज किंवा जखम जवळजवळ दिसत नाही. एक्स-रेचा विचार तेव्हा नको. सर्पविषावरची लस मिळेल तिथे तडक न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच लस चालते.

गोचीडतापात सांधे सुजतात, कुत्रं आखडून चालतं, उठत नाही. आपल्या दमट हवेत गोचीड बारमाही आहे. म्हणून कंबरदुखीच्या कुठल्याही कुत्र्याची आधी रक्ततपासणी करून घ्या, प्लेटलेट मोजायला सांगा. याला आणखी एक कारण आहे: गोचीडतापात प्लेटलेट कमी असतात, आणि तशात दुखण्याची गोळी दिली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

कंबर अतिशय दुखतेय आणि सोबत ताप आहे, तर मणक्यांमधल्या गादीत जंतुसंसर्ग असू शकतो. त्यातला ब्रुसेला जंतू माणसालाही लागतो, म्हणून लघवी आणि स्राव हातमोजे घालून साफ करा. एकच पाय उचलून धरत असेल तर गुडघ्यातला बंध तुटला असेल. डॉबरमन किंवा ग्रेट डेन चारही पायांनी डुलत चालत असेल तर दोष मानेत शोधायला हवा.

आणि एक जड आजार, डिजनरेटिव्ह मायलोपथी. यात मज्जारज्जूच झिजत जातो. साधारण आठ वर्षांनंतर सुरू होतो, पाय घासतात, लटपटतात, पण कुठेही दाबलं तरी दुखत नाही. एसओडी-१ या जनुकातला बदल २००९ साली सापडला आणि त्याची तपासणी आता गालातल्या लाळेवर किंवा रक्तावर होते. बदललेल्या दोन प्रती असतील तर धोका आहे, आजार होणारच असं नाही. जर्मन शेफर्डला हा आजार आणि कमरेतला दोष दोन्ही एकदम असू शकतात, म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधी ही तपासणी मागा.

एक्स-रे कसा काढून घ्यायचा

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून सुरुवात करा, चिठ्ठी घ्या. जिथे एक्स-रे काढायचा तिथे आधी फोन करून दोन गोष्टी ठरवा: कुत्र्याला गुंगी देणार का, आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढणार का. गुंगीशिवाय दुखऱ्या कुत्र्याचे पाय सरळ ताणता येत नाहीत आणि फोटो तिरका येतो. कुशीवर झोपवून काढलेल्या फोटोत सांध्याची पायरी, झिजलेली गादी दिसते. पण मणक्याचे पंख दिसायला कुत्रं उताणं, मागचे दोन्ही पाय सारखे ताणलेले, असा दुसरा फोटो लागतो. फक्त कुशीवरचा फोटो काढून 'कंबर चांगली आहे' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे दुसरा मागा.

आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा आणि सकाळी नक्की शी करवून न्या, नाहीतर आतड्यातली घाण नेमकी त्या सांध्यावर येऊन बसते. फोटो पेनड्राइव्हवर मूळ फाइलमध्ये घ्या. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो दुसऱ्या डॉक्टरांना पाठवून फार काही कळत नाही.

एक्स-रेत हाड दिसतं, नस दिसत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांत मणक्यांना जोडणारे हाडाचे पूल दिसतात, ते बऱ्याचदा निरुपद्रवी असतात. नस किती चेपली हे एमआरआयवर नीट कळतं, आणि शस्त्रक्रियेचा विचार असेल तर तो लागतो. त्यासाठी कोकणातून बाहेर पडावं लागतं. सल्ल्यासाठी शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय ही दोन सरकारी ठिकाणं लक्षात ठेवा. कुठे काय यंत्र चालू आहे ते फोनवर विचारूनच निघा.

घाट उतरता-चढता दुखऱ्या कंबरेच्या कुत्र्याचे हाल होतात. गाडीची मागची सीट पाडून रबरी चटई, त्यावर जाड गोधडी, आणि वळणावर घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा. तासाला एकदा उतरवा. रेल्वेनं न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन मिळाली तरच सोबत नेता येतं, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवावं लागतं. अशा कुत्र्याला त्या पेटीत घालू नका.

आराम, औषध, शस्त्रक्रिया

पाय अजून उचलले जातायत, लघवी-शी ताब्यात आहे, तर आधी औषधाविना काय करता येतं ते करा. चार ते आठ आठवडे दोरीवर चालणं, दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं. गडगा नाही, चेंडू नाही, वानरांमागे धावणं नाही. आंब्याच्या दिवसांत शेवटची गोष्ट फार कठीण, खंड्याला मी सकाळभर पडवीत बांधून ठेवायचो आणि तो रडायचा. पाखाडीवर जुना पंचा पोटाखालून घेऊन मागचा भार आपण उचलायचा. मानेला पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस.

दुखण्यावर मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन डॉक्टर देतात, रक्त आणि मूत्रपिंड तपासून. सोबत नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेन्टिन. माणसाची आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घरात आहे म्हणून देऊ नका, त्यानं पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं जातात. पॅरासिटामॉलही मनानं नको. स्टेरॉइड आणि दुखण्याची गोळी एकत्र कधीच नाही: एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं असेल तर दुसऱ्यांना ते आवर्जून सांगा. काळी शी, उलटी, खाणं सुटणं, यातलं काही दिसलं तर गोळी थांबवून फोन करा. गॅबापेन्टिनचं माणसांचं पातळ औषध आणायची वेळ आली तर त्यात झायलिटॉल नाही ना ते बघा, कुत्र्याला ते विष आहे.

दुखणं आवरलं की स्नायू परत भरायचे. ओहोटीच्या घट्ट वाळूवर सावकाश चालणं यासारखं दुसरं काही नाही. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू मात्र टाळा, तिच्यात पाय रुततो आणि कंबर पिळली जाते. खाडीच्या शांत पाण्यात तीन मिनिटांपासून पोहणं सुरू करता येतं, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, अंगात लाइफ जॅकेट घालून. पावसाळ्यात नाही. बाहेर आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा.

एवढं करूनही दुखणं परत परत येतं, पाय जास्त घासायला लागतो, किंवा लघवीवरचा ताबा सुटायला लागतो, तेव्हा शस्त्रक्रिया. मणक्याच्या नळीचं छप्पर काढून नसांना जागा करून देतात, काही कुत्र्यांत सांधा स्क्रूनं पक्का करतात. दुखणं बहुतेकांचं कमी होतं. त्यानंतरही सहा-आठ आठवडे दोरीवरच.

खंड्याला अजून शस्त्रक्रिया लागलेली नाही. वजन ४३ वरून ३५ वर आणलं, त्याला नऊ महिने लागले. डावा पंजा अजूनही उशिरा वळतो, पण रेघा पुसट झाल्यात.

पिल्लं काढायची की नाही

असा मणका असलेल्या कुत्र्याकडून काढू नयेत, ते कितीही देखणं आणि शहाणं असलं तरी. दोन्ही पालक चांगले असूनही एखादं पिल्लू असं निघू शकतं. पण पालकातच दोष असेल तर अशी पिल्लं जास्त निघतात. गावात "एक पिल्लू आमका ठेव" म्हणणाऱ्याला नाही म्हणणं जिवावर येतं, तरी एक्स-रे दाखवून सांगावं. खच्चीकरण करायचं तर मोठ्या जातीत वर्षाच्या आत नको: जर्मन शेफर्डमध्ये त्या वयात केल्यानं सांध्यांचे आजार वाढलेले दिसलेत. वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आणि दोष निघाला तर विकणाऱ्याला लेखी कळवा, एक्स-रेची प्रत जोडून, म्हणजे त्या जोडीची पुढची पिल्लं तरी थांबतील. मी कळवलं, उत्तर आलं नाही. मग त्याच वेतातली पिल्लं कुणाकुणाकडे गेली ते शोधत गेलो. खंड्याची एक बहीण कणकवलीकडे निघाली, त्याच्याएवढीच, सात वर्षांची, अजून व्यवस्थित धावणारी. मालकांना फोन करून आधी तिच्या मागच्या पायांची मधली नखं बघायला सांगितलं. ते फोन तसाच धरून अंगणात गेले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "डावं वरून घासलंय." तिचा एक्स-रे येत्या गुरुवारी आहे.